अर्धी मिटलेली पापणी

सातव्या दिवशी अकीका झाला. भोरच्या आमच्या जुन्या घरात सकाळपासून पाहुण्यांची वर्दळ होती. न्हाव्याने बाळाचे जावळ उतरवले, केसांच्या वजनाइतक्या चांदीची किंमत सदका म्हणून बाजूला काढून ठेवली, आणि बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरू लागले. तेव्हाच एका खालाने बाळाला उजेडाकडे धरले आणि म्हणाली, "अगं, हिचा डावा डोळा पुरता उघडत नाही की काय?"

आम्ही म्हणालो, झोपेत आहे. पण झोपेत नव्हती. उजवा डोळा टक्क उघडा होता आणि डाव्या डोळ्याची पापणी अर्ध्यावर येऊन थांबली होती.

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. एकीने लिहिले, एकाने वाचून खाडाखोड केली, म्हणून 'आम्ही'. यात आमच्या लेकीची कहाणी आहे, आणि आमची एक चूकही आहे. ती चूक दुसऱ्या कुठल्या घरात होऊ नये, एवढ्यासाठीच लिहायला बसलो.

गुडियाचा जन्म फेब्रुवारी 2023चा. घरात पहिली नात. त्यामुळे पापणीची बातमी मोहल्ल्यात फिरायला वेळ लागला नाही आणि कारणेही लगेच सापडू लागली. कुणी म्हणाले नजर लागली, कुणी म्हणाले सुरमा घाला, पापणी जड आहे ती हलकी होईल. कुणी समजूत काढली, "मुलीच्या जातीला असे झोपाळू डोळे शोभतात." सगळ्यांत जास्त चर्चा ग्रहणाची झाली. 25 ऑक्टोबर 2022 रोजी, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी सूर्यग्रहण होते. त्या दिवशी आमच्यापैकी एकजण, म्हणजे गुडियाची आई, पाच महिन्यांची गरोदर होती आणि ओट्यापाशी उभी राहून भाजी चिरत होती. एवढे पुरेसे होते. तिच्यासमोर कुणी काही बोलले नाही, पण ती खोलीत आली की बायकांचा आवाज खाली जाई. बाळंतिणीला ते कळत नाही असे लोकांना वाटते. सगळे कळते.

हे बोलणे अब्बांनी थांबवले. ते फारसे बोलत नाहीत. एके दिवशी असरच्या नमाजीनंतर सगळे चहाला बसले होते तेव्हा त्यांनी मदिन्याचा प्रसंग सांगितला. हुजूर (सल्ल.) यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला, त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले की या मृत्यूमुळेच ग्रहण लागले. ज्यांचे मूल गेले होते, त्यांनीच लोकांना सांगितले की सूर्य-चंद्राला कुणाच्या मरण्याने किंवा जगण्याने ग्रहण लागत नाही. एवढे सांगून अब्बा म्हणाले, "तिकडे ग्रहण माणसामुळे लागत नाही, तर इकडे माणूस ग्रहणामुळे कसा बिघडेल? सूनबाईला कुणी काही बोलायचं नाही. पोरीला डॉक्टरला दाखवा."

दोन महिन्यांची असताना आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले. कुठे, ते महत्त्वाचे नाही. गर्दी होती. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिले आणि म्हणाले, "जन्मजात आहे. शाळेत घालायच्या आधी, चार-पाच वर्षांची झाली की ऑपरेशन करू. आत्ता काही करायचं नाही." आम्ही शुक्र अदा करीत घरी आलो. खरे सांगायचे तर आम्हाला हेच ऐकायचे होते. एवढ्याशा जीवाला सुरी लावायची नाही, पैसे जमवायला चार वर्षे मिळाली, लोकांना सांगायला उत्तर मिळाले. आम्ही एकही प्रश्न विचारला नाही.

नंतर कळले की ते उत्तर पुष्कळ मुलांच्या बाबतीत बरोबर असते. पापणी थोडीच खाली असेल, बाहुली मोकळी असेल, नजर नीट वाढत असेल, तर तीन ते पाच वर्षांपर्यंत थांबणेच चांगले. पण थांबायचे म्हणजे दर काही महिन्यांनी नजर तपासून घेत थांबायचे. हा अर्धा भाग आम्हाला कुणी सांगितला नाही आणि आम्हीही विचारला नाही.

सहा महिन्यांची झाल्यावर गुडिया मांडीवर बसू लागली. तेव्हा ती हनुवटी वर करून बघायची. डावी भुवई उंच चढवायची, कपाळाला आठ्या पडायच्या. दादी हसायची, "बघा, आमची नवाबीण आली." मोबाईलमध्ये तेव्हाचे कितीतरी फोटो आहेत. सगळ्यांत हनुवटी वर. हळूहळू ती सवय सुटली. दहाव्या महिन्यात मान अगदी सरळ झाली. आम्हाला वाटले, सुधारले. त्या आनंदात आम्ही शेजारी खजूर वाटले.

जानेवारी 2024मध्ये आईला माहेरी, वेल्ह्याकडे जावे लागले. तालुक्याचे सरकारी नाव आता राजगड झाले, तरी आमच्या तोंडी वेल्हेच बसले आहे. नानीचे गाव तोरण्याच्या पायथ्याच्या बाजूला. तिथल्या अंगणवाडीत त्या दिवशी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी आली होती. हा कार्यक्रम 2013 साली देशभर सुरू झाला. त्यातली फिरती पथके अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतात आणि शाळेतल्या मुलांना एकदा. नानी म्हणाली, "आली आहेस तर दाखव की, पैसे थोडेच पडतात?"

तिथल्या डॉक्टरबाईंनी जे केले ते आम्ही जन्मभर विसरणार नाही. त्यांनी एक लाल खुळखुळा गुडियासमोर धरला. मग तिचा डावा, अर्धा मिटलेला डोळा तळहाताने झाकला. गुडिया खुळखुळ्याकडे बघत राहिली, हसली. मग त्यांनी उजवा, चांगला डोळा झाकला. गुडियाने किंकाळी फोडली, दोन्ही हातांनी त्यांचा हात ढकलला. बाईंनी पुन्हा तसेच करून पाहिले, पुन्हा तेच झाले. मग त्यांनी विचारले, "ताई, ही आधी मान वर करून बघायची का?"

"हो, पण आता बरी झाली ती सवय."

बाई क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ताई, मान वर करत होती तोवर ती त्या डोळ्याने बघायची धडपड करत होती. आता तिने तो डोळा सोडून दिलाय. पुण्याला जा. पुढच्या महिन्यात नको, या आठवड्यात."

आम्ही ज्याचे खजूर वाटले होते ते हे होते.

त्या आठवड्यातच आम्ही निघालो. वेल्ह्याहून नसरापूर, तिथून महामार्गाने कात्रज, स्वारगेट. एसटीत गुडिया खिडकीला चिकटून बसली होती आणि आम्ही दोघे तिच्याकडे न बघता बाहेर बघत होतो. पुण्याच्या नेत्र रुग्णालयात आधी डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्यावर आतला पडदा तपासला, नंबर काढला, छोट्या पट्टीने पापणीची उंची मोजली. पापणी उचलणारा स्नायू किती ताकदीचा आहे ते पाहण्यासाठी खेळणे वर-खाली नाचवून पापणी किती हलते ते बघितले. जेमतेम दोन-तीन मिलिमीटर हलत होती. तिथल्या डॉक्टरांना आम्ही या वेळी एक वही भरून प्रश्न विचारले. त्यांनी कागदावर चित्र काढून जे समजावले ते आमच्या शब्दांत असे:

वरची पापणी उचलायला आत एक पातळ, पट्टीसारखा स्नायू असतो. काही बाळांमध्ये तो गर्भातच नीट घडत नाही. स्नायूच्या धाग्यांच्या जागी चिवट तंतू आणि चरबी राहते. असा स्नायू पुरता आखडतही नाही आणि पुरता सैलही पडत नाही. म्हणून पापणी वर जात नाही, आणि गंमत अशी की खाली बघताना तीच पापणी दुसऱ्या पापणीपेक्षा वर राहते. याला जन्मजात टोसिस म्हणतात. सुरमा, मालीश, थेंब, यांपैकी कशानेही नसलेला स्नायू तयार होत नाही. बहुतेक वेळा घराण्यात दुसऱ्या कुणाला तो नसतो, आणि आईने काय खाल्ले, काय चिरले, याच्याशी त्याचा संबंध नाही. डॉक्टरांनी आम्हा दोघांचे डोळे पाहिले, लग्नातले फोटो मागितले, आजी-आजोबांबद्दल विचारले. कारण पापण्यांचा एक प्रकार घराण्यातून येतो. त्यात दोन्ही डोळ्यांच्या फटी लहान असतात आणि डोळ्यांमधले अंतर जास्त दिसते. गुडियाला तो नव्हता. दूध पिताना, चोखताना पापणी उडते का, हेही विचारले. काही बाळांच्या जबड्याच्या नसेची तार पापणीला जोडलेली असते, त्यांची पापणी दर घोटाला उघडझाप करते. तेही नव्हते.

मग आम्ही मुख्य प्रश्न विचारला. डोळा आतून चांगला आहे, तर दिसत का नाही?

डॉक्टर म्हणाले, बघायला डोळा लागतो, पण बघायला शिकतो तो मेंदू. हे शिकणे जन्मल्या दिवसापासून सुरू होते. पहिल्या महिन्यांत सर्वांत जास्त, मग कमी होत होत सात-आठ वर्षांपर्यंत. ज्या डोळ्यातून स्पष्ट चित्र येत नाही, त्याच्याकडे मेंदू दुर्लक्ष करायला शिकतो. ह्यूबेल आणि वीसल नावाच्या दोन शास्त्रज्ञांनी 1960च्या दशकात मांजरीच्या पिलांची एक पापणी पहिल्या काही आठवड्यांत शिवून ठेवली होती. नंतर उघडली तेव्हा डोळा ठणठणीत होता, पण मेंदू त्या डोळ्याचे ऐकत नव्हता. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला तर असे होत नसे. या कामासाठी त्यांना 1981 साली नोबेल मिळाले. यालाच आपल्याकडे 'आळशी डोळा' म्हणतात. शिवाय खाली आलेली पापणी बुबुळाच्या गोलाईवर दाब देते, त्यामुळे सिलिंड्रिकल नंबर येतो आणि चित्र आणखी धूसर होते. गुडियाच्या बाबतीत दोन्ही झाले होते.

उपाय एकच होता. पापणी आता उचलायची, मग चष्मा आणि पट्टीने डोळ्याला पुन्हा शिकवायचे. स्नायूत थोडी ताकद असती तर तोच आखूड करून भागले असते. इथे ताकदच नव्हती, म्हणून पापणी कपाळाच्या स्नायूला टांगायची होती. त्वचेखालून एक बारीक दोरी नेऊन पापणी भुवईच्या वर बांधतात. मग मूल भुवई चढवते तेव्हा पापणी वर जाते. या कामासाठी सर्वांत टिकाऊ दोरी म्हणजे स्वतःच्या मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी. टोरांटोचे क्रॉफर्ड यांनी 1956 साली ही पद्धत मांडली आणि ती आजही वापरतात. पण त्यासाठी मूल साधारण तीन-चार वर्षांचे, मांडी तेवढी लांब असावी लागते. एवढ्या लहान बाळाला सिलिकॉनची दोरी वापरतात. ती काही वर्षांनी सैल पडू शकते, मग दुसरे ऑपरेशन करावे लागते. डॉक्टरांनी हे आधीच स्पष्ट सांगितले: "आत्ताचं ऑपरेशन सुंदर दिसण्यासाठी नाही. नजर वाचवण्यासाठी आहे."

घरी दोन आठवडे चर्चा चालली. दादीचा विरोध भुलीला होता. "एवढ्याशा पोरीला बेहोश करणार? न उठली तर?" ही भीती आम्हालाही होतीच, फक्त आम्ही ती बोलत नव्हतो. शेवटी दादीलाच पुण्याला घेऊन गेलो. भूलतज्ज्ञ बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवून सगळे सांगितले, रक्ताच्या आणि छातीच्या तपासण्या दाखवल्या. दादीने शेवटी एकच विचारले, "तुम्ही पूर्ण वेळ तिच्याजवळच असणार ना?" बाई म्हणाल्या, "माझं कामच ते आहे, अम्मा." दादी घरी आल्या आणि त्यांनी स्वतःच रमजाननंतरची तारीख ठरवली. पैशांसाठी आम्ही दुकानातली पिको-फॉलची मशीन विकली. आरोग्य योजनेत काही बसते का, हे आरोग्यमित्राला विचारायचे असते, हेही आम्हाला उशिरा कळले.

11 एप्रिल 2024ला ईद झाली, आणि त्याच महिन्याच्या शेवटी ऑपरेशन. गुडिया चौदा महिन्यांची होती. आईचे दूध चार तास आधी बंद, वरचे खाणे त्याच्याही आधी बंद. महिनाभर रोजे धरलेले आम्ही, पण त्या चार तासांत तिचे रडणे ऐकवले नाही. तिला आत नेले तेव्हा एकजण दारापाशी उभा राहिला आणि एकजण जिन्यावर मुसल्ला टाकून बसली. दीड तासाने बाहेर आली. डोळा सुजलेला, भुवईवर आणि पापणीवर बारीक टाके, आणि ती संतापलेली. तो संताप बघून दादी रडायला लागल्या, "अल्हमदुलिल्लाह, ओरडतेय."

त्या रात्री दुसरी धास्ती. गुडिया गाढ झोपली आणि तिचा डावा डोळा थोडा उघडाच. दादीने आम्हाला हलवून उठवले. हे होणार, असे डॉक्टरांनी सांगितले होते. टांगलेली पापणी झोपेत पुरती मिटत नाही, म्हणून बुबुळ कोरडे पडू नये यासाठी रात्री मलम आणि दिवसा थेंब. कित्येक महिने आम्ही रात्री गजर लावून मलम घातले. आजही झोपताना घालतो.

पण आम्हाला वाटले होते की ऑपरेशन झाले म्हणजे संपले. खरे काम नंतरच सुरू झाले. चष्मा लागला. आणि रोज दोन तास चांगल्या, उजव्या डोळ्यावर चिकटपट्टी. डॉक्टरांनी पट्टीचे आणखी एक कारण सांगितले. डावा डोळा वापरायची गरजच वाटली नाही तर मूल भुवई चढवणार नाही, आणि भुवई चढली नाही तर बांधलेली पापणीही वर जाणार नाही. पहिले पंधरा दिवस घरात रोज रणधुमाळी. ती पट्टी ओढून काढायची, आम्ही पुन्हा लावायचो, तिघेही रडायचो. मग अब्बांनी तोडगा काढला. स्वतःच्या एका डोळ्यावरही पट्टी लावून ते तिच्याबरोबर बसू लागले. जोहर ते असरच्या मधले ते दोन तास दादा-नातीचे झाले. दोघे एका डोळ्याने दाणे वेचायचे, बटणे डब्यात टाकायचे. शिलाईचे दुकान असल्याने बटणांची कमी नव्हती. पहिल्या दिवशी तिला मोठे कोटाचे बटणही सापडत नव्हते. चार महिन्यांनी ती शर्टाचे बटण उचलू लागली. डॉक्टरांकडचे आकडे आम्हाला कळत नाहीत, पण बटणे कळतात.

बाहेर मात्र बोलणारे बोलतच होते. "एवढ्या लहान पोरीला चष्मा? पुढे लग्नाचं कसं होणार?" सुरुवातीला आम्ही उत्तरे द्यायचो. आता देत नाही. दादी देतात. "नजर गेली असती तर लग्नाचं सोपं झालं असतं का?"

आता गुडिया तिसऱ्या वर्षाच्या शेवटाला आली आहे. दोन्ही पापण्या सारख्या दिसत नाहीत. डावी अजून किंचित खाली आहे, हसली की फरक जास्त जाणवतो. डाव्या डोळ्याची नजर उजव्याइतकी नाही. ती तितकी होईलच असे डॉक्टरांनी कधी म्हटले नाही. पण ती वाढते आहे, आणि वाढायला अजून काही वर्षे आहेत. पुढे मांडीतली पट्टी घेऊन दुसरे ऑपरेशन बहुधा करावे लागेल. गेलेले ते आठ-नऊ महिने परत मिळणार नाहीत, आणि त्याचा दोष आम्ही एकट्या त्या पहिल्या डॉक्टरांवर टाकत नाही. आम्ही विचारले नव्हते.

म्हणून वाचणाऱ्या आया-बापांना, आणि विशेषतः दादी-नानींना, एवढेच सांगायचे आहे. बाळाची पापणी खाली वाटली तर महिना-दोन महिन्यांतच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. बाहुली झाकली जात असेल, बाळ हनुवटी वर करून बघत असेल, एक डोळा झाकल्यावरच चिडत असेल, डोळा तिरळा दिसत असेल तर थांबू नका. पापणीला जन्मतः खाच असेल तर त्याच दिवशी दाखवा, कारण तिथे बुबुळ उघडे पडते. आधी चांगली असलेली पापणी अचानक उतरली, किंवा दोन्ही बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या, तर तेही तातडीचे. डॉक्टर "थांबा" म्हणाले तर विचारा, "थांबतो, पण नजर पुन्हा कधी तपासायची?" अंगणवाडीत तपासणीची गाडी येईल तो दिवस चुकवू नका. पुण्यात ससून रुग्णालय आहे, महंमदवाडीला ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय आहे. तिथे लहान मुलांचे आणि पापण्यांचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते आधी विचारून जा. भोर-वेल्ह्याहून एक दिवस मोडतो, पण वाया जात नाही.

मागच्या महिन्यात नानीकडे गेलो होतो. पाऊस उघडला होता. अंगणात गुडियाची पट्टीची वेळ चालली होती, उजवा डोळा झाकलेला. तिने भुवई चढवली, मान थोडी मागे केली आणि बोट दाखवून म्हणाली, "नानी, ढग." नानीने वळून पाहिले. तोरण्यावर खरोखरच ढग उतरला होता.

आम्ही तिला मान सरळ कर असे म्हटले नाही.